साहेबाचा खुराक

४ जून

सिस्टरबाई,

क्षेमकुशल विचारायला हे पत्र नाही. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद खराब करते आहे.

काल टाकीवाल्याचा फोन आला. तुझ्याकडची माशाची टाकी धुवायला गेला होता. तो माझ्या दुकानात कामाला होता तेव्हापासून मी त्याला ओळखते, तिखटमीठ लावून सांगणारा माणूस नाही. म्हणाला, "ताई, टाकीत अख्खी काकडी तरंगत होती. सालासकट. खालून बुळबुळीत झालेली. पाण्याला वास येत होता." ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अगं, मासा आहे तो, की कचऱ्याची बादली?

साहेब काय चीज आहे ते तुला पुन्हा सांगायला हवं असं दिसतं. बोटाएवढा होता तेव्हा माझ्याच दुकानातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी तो बाब्याला दिला होता. गुरामी जातीचा मासा. नीट सांभाळला तर माणसासारखा म्हातारा होतो. बाब्याने त्याला ताटाएवढा केला. माझा भाऊ जाऊन अजून वर्ष झालं नाही, आणि तू त्याच्या साहेबाला कुजकी काकडी घालतेस.

आता नीट वाच. भाजी द्यायचीच असेल तर साल काढायची, बिया काढायच्या, फोडी नखाएवढ्या करायच्या. मटार उकडून वरचं साल सोलायचं. पालक गरम पाण्यातून काढून मऊ करायचा. मीठ नाही, तेल नाही, डबाबंद भाजी नाही. तो बघता बघता संपवेल तेवढंच टाकायचं आणि उरलेलं लगेच बाहेर काढायचं. कुजलेली भाजी पाण्यात विष कालवते.

आणि धुऊन दे. हल्ली भाजीवर काय काय फवारतात कोण जाणे. तुमच्या ऑपरेशन थिएटरात कात्र्या-चिमटे जसे स्वच्छ करता, तशी भाजी स्वच्छ झाली पाहिजे. तेवढं तरी तुला येतंच.

महिनाअखेरपर्यंत सुधारणा दिसली नाही तर टाकीवाल्याला पाठवून साहेबाला माझ्याकडे आणणार. सांगून ठेवते, मागाहून गळा काढू नकोस.

तुझी नणंद
(नातं अजून तुटलेलं नाही म्हणून)

---

११ जून

वन्सं,

नमस्कार. तुम्ही केला नाहीत, तरी मी करते.

काकडी मीच टाकली. लागोपाठ दोन ऑपरेशनं उरकून आले होते, उभं राहून पाय भरून आलेले, आणि साहेब काचेवर तोंड आपटत होता. जे हाताला लागलं ते टाकलं आणि झोपले. चुकलं. चूक कबूल करायला मला लाज वाटत नाही, हा आपल्या दोघींतला फरक आहे.

माशाच्या खुराकाच्या गोळ्या का देत नाहीस, हे तुम्ही विचारलंच नाहीत. रोज देते. डबा खडखडवते, चिमूटभर टाकते. साहेब ढिम्म हलत नाही. गोळ्या भिजून तळाशी बसतात आणि मग मी त्या गाळून काढते. त्याला फळं हवीत, भाज्या हव्यात. ही सवय त्याला का लागली ते मला माहीत आहे, पण तुम्हाला सांगायची माझी इच्छा नाही.

तुमच्या सगळ्या सूचना फ्रीजच्या दारावर चिकटवल्या आहेत. त्याप्रमाणेच होईल. धुण्याच्या बाबतीत मात्र मला शिकवू नका. धुणं हा माझा धंदा आहे. तुम्ही म्हणता तसं, अगदी थिएटरासारखं होईल.

राहता राहिला साहेब. तुमच्या भावाचं घड्याळ मागितलंत, दिलं. स्वेटर मागितलेत, दिले. फोटो तर न विचारता भिंतीवरून काढून नेलात. साहेब मी देणार नाही. दार उघडून आत आल्यावर माझ्याकडे वळून बघणारं या घरात दुसरं कोणी उरलेलं नाही. टाकीवाल्याला पाठवाल तर दारातूनच परत जाईल.

एक विचारायचं होतं. केळं चालतं का? आणि संत्रं? फ्रीजमध्ये पडून आहेत.

तुमची वहिनी

---

१७ जून

सिस्टरबाई,

संत्रं? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? आंबट फळ माशाला घालतात का कधी? संत्रं नाही, मोसंबं नाही, लिंबू नाही, अननस नाही. केळं चालेल, पण पिकलेलं आणि अगदी इवलंसं, तेही कधीमधी. गोड जास्त झालं की पोट फुगतं. पपई चालेल, खरबूज चालेल. दोन्हींच्या बिया आणि साल काढून.

बाब्याला हे सगळं तोंडपाठ होतं. शेवटच्या महिन्यांत स्वतः अंथरुणाला खिळलेला, तरी कुठलंही नवं फळ द्यायच्या आधी मला फोन करून विचारायचा. याला म्हणतात जीव लावणं. आणि तू, धडधाकट बाई, अख्खी काकडी भिरकावतेस.

सवय का लागली ते म्हणे माहीत आहे पण सांगायचं नाही! नको सांगूस. मला कळतं. कंटाळा! गोळ्या आणायचा, मोजून घालायचा कंटाळा. ताटात उरलं ते टाकीत. मग मासा गोळ्यांना तोंड का लावेल?

तुझ्या टोमण्याचं म्हणशील, तर त्या दिवशी, बाब्याच्या तेराव्याला, सगळ्यांसमोर मी जे बोलले ते खरंच बोलले. नर्स असून घरातल्या माणसाचं वजन उतरताना तुला दिसलं नाही. यात मी काय चुकीचं बोलले, ते मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही.

पालक देताना देठ काढ. देठ त्याच्या घशात अडकतात.

नणंद

---

२७ जून

वन्सं,

टाकीवाला उद्या माल घ्यायला तुमच्या दुकानात येतो आहे, त्याच्या हातीच हे देते. त्याच्याच हाती उत्तर द्या. कृपा करून.

साहेबाला बरं नाही. सारखा वर येऊन तोंडाने हवा घेतो. कल्ले लाल झालेत, सुजल्यासारखे दिसतात. अंगावर पांढरट बुळबुळीत थर आलाय. कोपऱ्यात कलता होऊन उभा राहतो. टाकीच्या कडांना फेस धरतो.

मी सगळं तुम्ही सांगितलंत तसंच केलं. पालकाचे देठ काढले, काकडीची सालं काढली, मटार सोलले. उरलेलं लगेच बाहेर काढलं. भाजी आधी भांड्यांच्या साबणाने धुतली, मग औषधाच्या दुकानातून निर्जंतुक करायचं द्रावण आणून त्यात अर्धा तास बुडवून ठेवली. थिएटरात हत्यारं ठेवतो तशीच, तेवढाच वेळ. मग पाण्यातून काढून दिली. रोज, एकदाही न चुकता.

तरी असं का झालं? भाजीच खराब होती का? आणखी जास्त वेळ बुडवू का?

काय करू ते लिहा. हवं तेवढं बोला, पण काय करू ते आधी लिहा.

वहिनी

---

२८ जून

अगं बाई, काय केलंस तू हे!

टाकीवाला समोर चहा पितो आहे, तोवर लिहिते. आधी कामाचं. भाजी पूर्ण बंद. टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी आज बदलायचं आणि परवा पुन्हा, ते हा करेल. नळाचं पाणी थेट घालायचं नाही, त्यातलं क्लोरीन मारायचे थेंब मी याच्याकडे देते आहे. फिल्टरमध्ये घालायला कोळशाची पिशवीही देते. हवेचा पंप चालूच ठेवायचा. त्याच्या नशिबाने गुरामी वरची हवा घेऊन जगू शकतो, दुसरा मासा असता तर एव्हाना उलटा तरंगला असता. आणि मी सांगेपर्यंत त्याला काहीही खायला द्यायचं नाही. एक कणसुद्धा नाही. उपाशी राहू दे. एवढा मोठा मासा उपासाने मरत नाही.

आता बोलते. साबण? हत्यारांचं द्रावण? पालकाचं पान म्हणजे पोलादी चिमटा आहे का? पान ते सगळं पिऊन घेतं आणि तू तेच त्याला भरवत होतीस, रोज, एकदाही न चुकता! साध्या वाहत्या पाण्याखाली धरून चोळायचं, झालं. हे सांगावं लागतं? शाळकरी पोराला कळतं ते. अक्कल काय हॉस्पिटलात गहाण ठेवून घरी येतेस?

शनिवारी टाकीवाला मोठा ड्रम घेऊन येईल आणि साहेबाला घेऊन जाईल. आडवी आलीस तर मी स्वतः येईन. माझ्या भावाला उपाशी ठेवून मारलंस, आता त्याच्या माशाला विष घालतेस. तुझ्या हाती जिवंत काही ठेवायचं नाही, हेच खरं.

नणंद

---

३ जुलै

वन्सं,

टाकीवाला ड्रम घेऊन आला होता. मी दारात उभी राहिले. बिचारा जिन्यात ड्रमवरच बसून पाणी प्यायला आणि गेला. त्याला रागावू नका.

साहेब जिवंत आहे. पाणी बदललं, कोळसा घातला. खायला दिलेलं नाही. समोर खुर्ची टाकून बसते. तो बघतो, मी बघते. उपाशी जीव समोर ठेवून हात बांधून बसणं काय असतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

तुमचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आता माझं ऐका. हे मी सांगणार नव्हते, मरेपर्यंत पोटात ठेवणार होते. तुम्हीच ओढून बाहेर काढलंत.

तुमच्या भावाच्या त्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते, थोडं थोडं का होईना, पोटात गेलं पाहिजे. मी कामावर निघायच्या आधी पपई चिरायचे, खरबूज चिरायचे, मटार उकडून सोलायचे. वाटीत घालून, झाकण ठेवून वाटी पलंगाशेजारी. संध्याकाळी आले की वाटी रिकामी. रोज रिकामी. "आज सगळं संपवलंत!" म्हणून मी हरखून जायचे, आणि तुमचा भाऊ हसायचा. वजन उतरत होतं. दिसत होतं मला, वन्सं. आंधळी नव्हते. मला वाटलं, खाल्लेलं अंगी लागत नाही. दुखणंच खातंय. डॉक्टरांनी विचारलं, नाकातून नळी घालायची का? मी छातीठोकपणे सांगितलं, गरज नाही, सगळं जेवतात. मी नर्स. माझ्या शब्दावर त्यांनी नळी घातली नाही.

टाकी पलंगाला लागून होती. हात लांब केला की झालं.

ते गेल्यावर बऱ्याच दिवसांनी मी माझ्यासाठी पपई चिरली. वाटीवर चमचा वाजला. गोळ्यांच्या डब्याला न हलणारा साहेब उसळी मारून पलंगाकडच्या कोपऱ्यात आला आणि तोंड वर काढून थांबला. मी चमचा पुन्हा वाजवला. पुन्हा आला. तिथेच फरशीवर बसले मी. मला हुंदका नाही आला, वन्सं, राग आला. एवढा राग की त्यांच्या उशीला गुद्दे घातले. त्यांना घास गिळताना त्रास होत होता, तर मला सांगायचं! मी काय परकी होते? मला खूश ठेवायला माझ्याशी खोटं बोलले, आणि त्या खोट्याने गेले.

आणि तुम्ही! तुम्ही अभिमानाने लिहिता, नवं फळ द्यायच्या आधी मला फोन करायचा. ते फोन मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "ताई, पपई चालते का गं? बिया काढू का? मटाराचं काय?" बहीणभावाच्या गप्पा म्हणून मी दार लोटून घ्यायचे. तुम्ही हौसेने सांगत होतात. आजारी माणसाच्या खोलीत माशासाठी एवढी फळं येतात कुठून, हे तुम्हाला एकदा तरी विचारावंसं वाटलं? स्वतःचं जेवण साहेबाला कसं सुखरूप घालायचं ते तुमच्याकडून शिकत होते ते. मला दिसलं नाही, तुम्हाला ऐकू आलं नाही. मग चारचौघांसमोर उभी मी एकटीच का?

आणि भाजीचं म्हणाल, तर तुमचं पहिलं पत्र फ्रीजवर अजून आहे. "कात्र्या-चिमटे जसे स्वच्छ करता, तशी." तुमचे शब्द आहेत. आता म्हणाल, तो बोलण्याचा ओघ होता. आमच्या थिएटरात वरिष्ठांनी सांगितलेलं ओघात आलंय की मनापासून, हे आम्ही विचारत बसत नाही. सांगितलं तसं करतो. नाही केलं तर माणूस मरतो.

आता पुन्हा पत्र लिहू नका.

वहिनी

---

१९ जुलै

वहिनी,

लिहू नका म्हणालीस, तरी लिहिते. तुझं ऐकण्याची मला सवय नाही.

तुझं पत्र दुकानात वाचलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला बाहेर काढून शटर ओढलं. मग काचेच्या टाक्यांमध्ये बसून राहिले. फोडण्यासारखं पुष्कळ होतं, पण मासे होते ना आत.

माफी मागायला मला येत नाही. आमच्या घरात कोणालाच येत नव्हतं, बाब्यालाही नव्हतं, हे तू जाणतेस. पण मी कोणावर चिडले आहे ते ऐक. लबाड, महालबाड! लहानपणी दूध नको असलं की कुंडीत ओतायचा. वर पेल्यात बोट बुडवून ओठांवर पांढरी मिशी काढायचा आणि आईला दाखवायचा, "बघ, प्यायलो." ते झाड सडलं तेव्हा आईला कळलं. मला आधीपासून माहीत होतं. मी चुगली केली नाही, कारण मला ती गंमत वाटायची. तुला त्याची ही खोड ठाऊक असायचं कारणच नव्हतं. मला होती. आणि पपईच्या बिया काढू का, असं त्याने विचारलं तेव्हा मी खुशीत सांगत बसले की बिया काढ, साल काढ, फोडी बारीक कर. मला वाटलं, माझा भाऊ एवढ्या दुखण्यात माझ्याशी बोलायला निमित्त शोधतोय. किती शेफारले होते मी त्या फोनांनी!

आत्ता समोर असता तर कानाखाली वाजवली असती. मेला आहे म्हणून सुटला. मी त्याला माफ करणार नाही, आणि तूही एवढ्यात करू नकोस.

त्या दिवशी तुला सगळ्यांसमोर बोलले, तर मागेही सगळ्यांसमोरच घेतलं पाहिजे. तिथे कोण कोण होतं ते आठवून एकेकाला फोन लावते आहे. काकांना सांगितलं, मामींना सांगितलं, दोन्ही आत्यांना सांगितलं. धाकटी आत्या म्हणाली, "जाऊ दे गं, झालं गेलं." मी म्हटलं, जाऊ दे कसं? तेव्हा मान डोलावली होतीस ना, मग आता ऐकून घे. थोरली रडली. थोडे राहिलेत, तेही होतील.

भाजी धुण्याचं ते वाक्य माझंच. फ्रीजवरून काढून टाक ते पत्र.

साहेब कुठेही जाणार नाही. टाकीवाल्याला तसं बजावलंय. कल्ल्यांचा लाल रंग उतरला असेल तर उपास सोडव. मटाराचा एकच दाणा, उकडून, सोलून. साध्या पाण्याने धुतलेला. खाल्ला तर दुसऱ्या दिवशी दोन. फोटो वगैरेही परत आणते.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी येते आहे. येऊ का, असं विचारत नाहीये. दार लावून घेतलंस तर टाकीवाल्यासारखी मीही जिन्यात बसेन, पण मी पाणी पिऊन परत जाणारी नव्हे.

ताई
(वन्सं म्हणू नकोस, कानाला टोचतं)

---

२५ जुलै

ताई,

साहेबाने दाणा खाल्ला. पहिल्यांदा तोंडात घेऊन थुंकला, मग पुन्हा उचलला. दुसऱ्या दिवशी दोन खाल्ले आणि माझं बोट तोंडात धरून ओढलं. कल्ले अजून थोडे लालसर आहेत. तुम्ही आलात की बघा.

काकांचा फोन आला होता. आधी पावसापाण्याचं बोलले. शेवटी त्यांनी माशाची तब्येत विचारली.

माझा राग गेलेला नाही. तुमच्यावरचा थोडा उतरला असेल. त्यांच्यावरचा तसाच आहे, आणि तो तुमच्यासमोर काढता येईल या विचाराने मला बरं वाटतं आहे. बाकी कोणाशी बोलायला गेले तर सगळे म्हणतात, गेलेल्या माणसाला बोलू नये.

या. फळं आणू नका, घरात आहेत. टाकीजवळचा पलंग मी हलवला आहे, तुमचं अंथरूण दुसऱ्या खोलीत घालीन.

एक अट आहे. टाकीवाला सांगत होता, त्या दिवशी शटर ओढून बसलात तेव्हापासून तुम्ही दुपारचा डबा न उघडताच परत नेता. माझ्या घरी ते चालणार नाही. जेवायला माझ्यासमोर बसायचं. मी ताटाकडे नाही, तुमच्या तोंडाकडे बघणार आहे. शेवटचा घास गिळलेला दिसेपर्यंत मी कामावर जाणार नाही, मग थिएटरात कोणीही माझी वाट बघत असो.

वहिनी